मालकाच्या रकान्यात रुख्मा

देवरी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. दुर्गा,

'पत्रास कारण की' ही ओळ मी तहसीलीसमोर बसून रोज दहा जणांसाठी लिहितो, म्हणून तुझ्यापुरती ती गाळतो. मशीन मेलं. दुसऱ्यांदा.

फोन का केला नाही म्हणशील. फोन केला की तू "हो काका, हो काका" म्हणत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस, ती खटखट मला इथवर ऐकू येते. ईमेल बरी. निदान तू वाचत नाहीस हे ऐकू येत नाही.

पहिलं मशीन डिसेंबरात गेलं, जागा भरून. दुसरं परवा माझ्या हातून गेलं. जिचा लांबचा संगणक आपण 'मशीन' म्हणून वापरतो, तुझ्या त्या होस्टिंग कंपनीच्या पानावर बटणंच इतकी, की कोणतं औषध आणि कोणतं विष ते दाबल्यावरच कळतं. मी औषध समजून दाबलं. कोरं झालं.

तू हे सगळं दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांत बनवलंस आणि तिसऱ्या दिवशी विसरलीस, म्हणून आठवण देतो. सुकराम उईके जंगलात राखणीला असतो. संध्याकाळी परतताना वाघाचे माग दिसले की तो आपल्या नंबरला फोन लावतो आणि आकडा दाबतो. नाल्याच्या वाटेला एक, टेकडीच्या वाटेला दोन, गुरांच्या गोठणाला तीन. मशीन ते धरून ठेवतं आणि पहाटे चारला त्या-त्या वाटेच्या घरांना फोन करतं. एकूण दोनशे चौदा फोन. आवाज सुकरामच्या बायकोचा, सत्यभामाचा: "बाई वो, आज नाल्याच्या वाटेनं नोका जाऊ."

मार्चच्या मध्यात मोहाची फुलं पडायला लागतील. बाया साडेचारला टोपली घेऊन निघतात, अंधारातच. यंदा वाघीण पिलांसकट आहे. तोवर मशीन उभं पाहिजे, आणि पडलं तर तुझी वाट न पाहता मला उभं करता आलं पाहिजे. बटणांशिवाय. तू म्हणाली होतीस की प्रोग्राममधून होतं. शिकव. मी एकावन्न वर्षांचा आहे. वीस वर्षांत सरकारने अकरा पोर्टलं बदलली, अकराही शिकलो. तुझी जावास्क्रिप्ट त्याहून खवचट नसेल.

योगराजकाका

*

हैदराबाद, ७ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र कॅबमध्ये वाचलं, उत्तर मीटिंगमध्ये लिहिते आहे. कॅमेरा बंद आहे. साहेब तिमाहीबद्दल बोलताहेत, म्हणजे वेळ भरपूर आहे.

पानावरची बटणं माणसांसाठी. प्रोग्रामसाठी मागच्या बाजूला एक खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. खिडकीतला इसम कडक. अर्ज ठरलेल्याच नमुन्यात हवा, ओळख जोडलेली हवी, एक स्वल्पविराम चुकला की परत. तुमच्या तहसीलीत लोक थेट खिडकीवर जात नाहीत, आधी तुमच्याकडे येतात. ते म्हणतात "उत्पन्नाचा दाखला पायजे," आणि नमुना कोणता, तिकीट कुठे, सही कुठे, हे तुम्ही बघता. क्लायंट लायब्ररी म्हणजे तुम्ही. जावास्क्रिप्टमध्ये आपण फक्त म्हणायचं: मशीनची यादी दे. नवं मशीन उभं कर. अर्ज ती लिहिते. सोबत नमुना फाइल पाठवते आहे, चाळीस ओळी आहेत. बाराव्या ओळीत तुमचं टोकन टाका. ते म्हणजे सही आणि शिक्का दोन्ही. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू नका. तुम्ही ठेवणार आहात, म्हणून सांगते.

एकच गोष्ट नीट समजून घ्या. अर्ज खिडकीत सरकवला म्हणजे काम झालं असं नाही. लायब्ररी लगेच हातात वचनचिठ्ठी ठेवते, 'होतंय, होतंय.' आपला प्रोग्राम ती खिशात घालून पुढे पळतो आणि 'झालं' म्हणून छापतो. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक हुकमाच्या आधी 'अवेट' लिहायचं. म्हणजे पोच येईपर्यंत थांब. पोच हातात पडल्याशिवाय एक पाऊल पुढे नाही.

ऑफिस आम्हाला सरावासाठी दोन-तीन मशीन देतं, तुमचं त्यातलंच. प्रत्येकावर मालकाच्या नावाचं लेबल लागतं. तुमच्यावर माझं आहे. ते बदलायचा हुकूम फाइलमध्ये दिसेल, पण तुम्हाला त्याची गरज नाही.

साहेबांनी मला काहीतरी विचारलंय.

दुर्गा

*

देवरी, २३ फेब्रुवारी

चि. दुर्गा,

उभं राहिलं! पहिल्या दिवशी अवेट विसरलो. पडद्यावर 'मशीन तयार' असं आलं, मी दुकानासमोरच्या सगळ्यांना चहा सांगितला, आणि बघतो तर मशीनचा पत्ताच नाही. पोरगी पाहायच्या आधी मांडव टाकल्यासारखं. चहा मात्र सगळ्यांनी पिऊन टाकला, त्याला अवेट नव्हतं. आता ओळीओळीत लावलंय. 'रुमाल कुठे आहे' एवढं बायकोला विचारतानाही मनात अवेट म्हणतो, आणि खरंच थांबतो. ती म्हणते, तब्येत बरी आहे ना?

पण हे तिसरं मशीन. पहिली दोन गेलेली. ही गोष्ट चहा पिता-पिता रुख्माबाईच्या कानावर गेली. तिच्या सुईणपणाला आता पंधरा वर्षं सुटी आहे, पण नजर तशीच. म्हणाली, "दोन गेले ना? मंग तिसऱ्याले तुमच्या नावावर काऊन ठेवता?"

तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. तुझ्याआधी वहिनींची दोन लेकरं गेली. तू झालीस तेव्हा तुला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं आणि रुख्माबाईनं पसाभर कोदोच्या दाण्यांना विकत घेतलं. म्हणजे यमानं चौकशी केली तर कटऱ्यांच्या घरी लेकरूच नाही. जे आहे ते रुख्माचं. तू वाचलीस. आता कोदोनं वाचलीस की गोंदियाच्या डॉक्टरनं, यावर मी बोलत नाही. मी विज्ञानवादी माणूस, स्कॅन केल्याशिवाय कोणाचा पेनड्राइव्ह लावत नाही. पण दोन मशीन गेल्यावर विज्ञानालाही थोडा आधार लागतो.

तर केलं. लॅपटॉप सुपात ठेवला. सूप उकिरड्याच्या कडेला. मी रुख्माबाईला प्रामाणिकपणे सांगितलं, की यात मशीन नाही, मशीन हैदराबादहूनही लांब कुठेतरी आहे, दिसत नाही. ती म्हणाली, "लेकरू पोटात असते तवा तरी कुटं दिसते?" तिनं पसाभर कोदो माझ्या रुमालात ओतला, सूप उचललं, घरी नेलं, संध्याकाळी "सांभाळाले देते" म्हणून परत केलं. व्यवहार पक्का.

आता मी पडलो अर्जनवीस. खरेदी झाली आणि फेरफार झाला नाही तर ती खरेदी कसली? विकणारा मेला, घेणारा मेला, आणि सातबाऱ्यावर अजून पणजोबाच, अशी प्रकरणं मी रोज पाहतो. म्हणून तुझा तो 'गरज नसलेला' हुकूम वापरला. मालकाच्या रकान्यातून तुझं नाव काढलं, रुख्मा टाकलं. अवेट लावून. पोच आली. तुझ्या वेळी फेरफार करायचा राहून गेला होता. म्हणून शाळेत नाव बापाचंच लागलं.

सोबत माझी फाइल. चौदावी ओळ बरोबर आहे का तेवढं बघ.

काका

*

हैदराबाद, ११ मार्च

काका,

उशीर झाला, सॉरी. चौदावी ओळ बघितली, कंस एक जास्त आहे, काढून टाका. बाकी छान. मजकूर बराच आहे, तो रविवारी निवांत वाचते.

इथे माझ्यामागे नवीन शुक्लकाष्ठ. ऑफिसच्या सराव खात्यात सातशेच्या वर मशीन निघाली. लोक उभी करतात, नोकरी सोडून जातात, मशीन तशीच चालू राहतात, बिल चढत राहतं. कुणाची, कशाला, कुणाला ठाऊक नाही. साफसफाईचं काम मला दिलं. मी त्याच लायब्ररीत प्रोग्राम लिहिला, साठ ओळी. सगळ्या मशीनची यादी घ्यायची, प्रत्येकाचा मालक बघायचा, मालक ऑफिसच्या हजेरीपटावर असला तर सोडायचं, नसला तर मशीन बेवारस, खलास. मी म्हटलं, आधी लोकांना विचारू या. साहेब म्हणाले, लोकांना विचारलं की सगळंच महत्त्वाचं निघतं. तरी मी एक सूचना पाठवली. ती अर्थात मालकांना गेली. बेवारसांना कोण सूचना पाठवणार?

शुक्रवारी, २८ मार्चला, संध्याकाळी सहाला चालवायचंय. आज कोरडी चाचणी घेतली, म्हणजे काही न पुसता नुसती यादी छापायची. तीनशे बारा नावं आली. वरून खाली फिरवली. test, demo, गेलेल्या पोरांची नावं, असलंच. साहेबांनी विचारलं, "पाहिली ना?" मी म्हटलं, "पाहिली."

तुमच्या मशीनवर माझं नाव आहे, त्याला धक्का नाही. काळजी करू नका.

माझं बरं चाललंय. झोप कमी आहे. मनगटावरचं घड्याळ सांगतं की मी बसल्या जागी पळते आहे, नाडी तशीच आहे म्हणे.

दुर्गा

*

देवरी, १७ मार्च

चि. दुर्गा,

कंस काढला. मोह पडायला लागला. पहाटे जंगलाच्या बाजूनं वारा आला की अख्खी देवरी प्यायल्यासारखी वाटते, आणि काही जणांना तर वाऱ्याचीही गरज नसते.

मशीन चोख चाललंय. शुक्रवारी सुकरामनं नाल्याकडे माग पाहिले, एक दाबला, शनिवारी पहाटे चारला नाल्याच्या वाटेच्या सगळ्या घरांत फोन वाजले, आणि बाया टेकडीकडून गेल्या. साडेसातला नाल्यात वाघीण दिसली, दोन पिलांसकट. पाणी पीत होती. नंतर जाऊन पाहिलं तर पाऊल माझ्या तळहाताएवढं.

सत्यभामाचा भाव फार वाढलाय. बाजारात अनोळखी बाया आवाजावरून ओळखतात, "तुमीच ना वो फोनवाली?" सुकराम वैतागला. म्हणतो, "घरी बी हेच, फोनवर बी हेच. इकडं नोको जाऊ, तिकडं नोको जाऊ. मले तं दोन दोन डाव आयकू येते."

पूर्वी या बाया कशा जायच्या तुला आठवत असेल. घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत, खोकत, पुढची खाली माती पाहत चालायची आणि मागची मागे पाहायची. मोहाखाली पोचायलाच तास लागायचा. आता फोन नाही आला म्हणजे वाट मोकळी. सरळ सुसाट. एकेकटीसुद्धा. जास्त मोह पदरात पडतो. मी म्हटलं, याला म्हणतात तंत्रज्ञान. ऐकायला तीन जण होते. तिघेही दाखल्यासाठी आले होते, म्हणून हो म्हणाले.

तुझ्या साफसफाईचं वाचलं. रुख्माबाई तुमच्या हजेरीपटावर असायचं कारण नाही, तेव्हा तिची सोय तू लावली असशीलच. मी फेब्रुवारीतच सविस्तर लिहिलं आहे, आणि तू 'धक्का नाही' म्हणतेस म्हणजे बघूनच म्हणत असशील. तरी पोच दे. तूच सांगितलंस, पोच आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काका

*

देवरी, ग्रामीण रुग्णालय, २९ मार्च, दुपार

दुर्गा,

पोच आली नाही. मीही थांबलो नाही. लोकांचे फॉर्म भरायला सोपे आणि पुतणीला दुसऱ्यांदा विचारायला लाज, म्हणून राहिलं.

काल संध्याकाळी सुकरामनं नाल्याकडे माग पाहिले. पाचला फोन लावला, एक दाबला, सत्यभामाच्या आवाजात 'आयकलं' अशी पोच त्याला मिळाली. तो कामगिरीवर टेकडीच्या चौकीत मुक्कामाला गेला. आज चारला कोणाचाच फोन वाजला नाही. बायांनी काय समजायचं ते समजलं. सत्यभामा सगळ्यांत पुढे निघाली, एकटी. तिचाच नवरा राखणीला, तिचाच आवाज फोनवर. तिला कशाची भीती?

सहाच्या सुमाराला नाल्याजवळच्या मोठ्या मोहाखाली ती वाकून वेचत होती. पिल्लू आधी आलं. तिला कुत्र्याचं वाटलं, तिनं "हाड" केलं. मग आई आली. मागच्या बायांनी टोपल्या बडवल्या, किंचाळल्या, बिसरामच्या बायकोनं हातातला विळा फेकला. वाघीण पिलाला घेऊन गेली, पण जाता-जाता एक फटका मारून गेली. डावा खांदा ते कोपर. एकोणीस टाके. रात्री गोंदियाला हलवतील असं दिसतं. जीव आहे. हाताचं डॉक्टर बोलत नाहीत.

मी दहाला दुकानात जाऊन प्रोग्राम चालवला. यादी मागितली. अवेट. पोच आली: यादी रिकामी. मशीन बंद नाही, बिघडलेलं नाही, मुळात नाहीच. मग नवं उभं केलं, तुझ्याच चाळीस ओळींनी. सात मिनिटं लागली.

सुकराम बाकावर बसलाय, मोबाइल हातात. मला एकदाच म्हणाला, "भाऊ, म्या एक दाबला होता. तिनंच मले आयकलं म्हनून सांगतलं."

काय झालं ते तू सांग.

योगराज

*

हैदराबाद, ३० मार्च, पाडवा

काका,

मी तुमची तिन्ही पत्रं आत्ता वाचली. पूर्ण, पहिल्यांदा. फेब्रुवारीच्या पत्रात मी चौदावी ओळ वाचली होती. सतरा मार्चचं उघडलंच नव्हतं. त्यावर तारा लावून ठेवला होता, 'नंतर'.

शुक्रवारी सहा वाजून चार मिनिटांनी माझ्या प्रोग्रामनं ते मशीन पुसलं. सुकरामभाऊंचा एक त्याच्या तासभर आधी मशीननं धरून ठेवला होता. त्यांना मिळालेली पोच खरी होती. चारला फोन करणारं कोणी उरलं नाही.

नोंद माझ्यासमोर आहे. ओळ दोनशे सात. मालक: रुख्मा. हजेरीपटावर: नाही. पुसलं: होय. अकरा तारखेच्या कोरड्या यादीतही ती होती, त्याच जागी. मी "पाहिली" म्हणाले ती हीच यादी. तीनशे बारा नावांत एक नाव अशा बाईचं होतं, जिनं मला सुपातून उचललं, आणि माझं बोट त्यावरून घसरत खाली गेलं.

तुमची चूक शोधून पाहिली, काका. फार वेळ शोधली, कारण मला ती हवी होती. तुम्ही मालक बदलला, पण बदलल्याचं लिहिलं, कारणासकट, विनोदासकट. तुम्ही दोनदा सांगितलंत. मी तुम्हाला पोच येईपर्यंत थांबायला शिकवलं आणि स्वतः पोच द्यायला शिकले नाही.

आज सुटी असूनही मी साहेबांना बोलावून घेतलं. आमच्याकडे अशा वेळी एक बैठक होते. तिचा पहिला नियम, दोष कुणाचाच नसतो, प्रक्रियेचा असतो. प्रक्रिया बिचारी बोलत नाही. फळ्यावर लिहिलं: 'सराव खात्यातील एका अनधिकृत मशीनवर परिणाम.' मी म्हटलं, परिणाम मशीनवर नाही, सत्यभामा उईकेच्या हातावर आहे, तसं लिहा. कोणी लिहीना, तेव्हा मी लिहिलं. मग एकानं विचारलं, पण ही रुख्मा कोण? कोणत्या टीममध्ये आहे?

मी म्हटलं, माझी मालकीण आहे.

ते हसले. मला वाटलं मी विनोद केला. घरी येताना लक्षात आलं, माझा प्रोग्राम माझ्यावर चालवला असता तर माझीही ओळ हीच निघाली असती. मालक रुख्मा. हजेरीपटावर नाही.

नवं मशीन माझ्या स्वतःच्या खात्यात हलवलंय, ऑफिसचा संबंध नाही. मी उद्या निघते. सत्यभामाकाकूंना काय बोलू ते सांगा.

दुर्गा

*

देवरी, ८ एप्रिल

चि. दुर्गा,

तू आलीस, तीन दिवस दवाखान्यात बसलीस, गेलीस. समोर बोलणं झालं नाही, आपल्या घराण्यात समोर बोलायची पद्धत नाही, म्हणून लिहितो.

तू सत्यभामाची माफी मागितलीस ते चुकलं. मी सांगणार होतो, मागू नकोस म्हणून. कुणी माफी मागितली की ती चहा मांडायला उठते. त्या दिवशी सलाइनसकट उठली होती.

काल तिला घरी आणलं. हात आहे, बोटं दोन हलतात. संध्याकाळी सगळ्या बाया अंगणात जमल्या. मी लॅपटॉप नेला होता. माझी तयारी अशी, की आता दोन मशीन ठेवू, एक पडलं तर दुसरं फोन करील, आणि दुसरं पडलं तर मला ईमेल येईल. हे सगळं समजावून सांगितलं. सत्यभामा खाटेवरून म्हणाली, "भाऊ, एक पुसू का?"

"पूस."

"कुत्रं भुकलं नाई म्हंजे चोर नाई आला, असं तुमी समजता का?"

"म्हणजे?"

"कुत्रंच मेलं असन तं?"

दुर्गा, मी चाळीस ओळी शिकलो, तू साठ लिहिल्यास, तुमच्या ऑफिसात सातशे मशीन, आणि हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढचं तिनंच ठरवलं. वाघ दिसो की न दिसो, फोन रोज आला पाहिजे. वाट मोकळी असली तरी सुकरामनं शून्य दाबायचं, आणि 'मोकळी हाये' म्हणून फोन आला पाहिजे. आणि फोन आला नाही, तर कोणी जायचं नाही. बस. म्हणजे मशीन मेलं तर बाया घरी बसतील. एक दिवसाचा मोह जाईल. जाऊ दे.

तुझ्या प्रोग्राममध्ये हे करायला मला दोन ओळी लागल्या. आवाज तिनंच परत भरून दिला. मी लिहून दिलं होतं तेवढंच वाचून थांबली नाही, शेवटी आपल्या मनचं एक वाक्य जोडलं. मी ते कापलं नाही. सुकराम ऐकून म्हणाला, "आता तं रोजच सुनाव लागन." आठवड्याभरात पहिल्यांदा हसला.

रुख्माबाईकडे गेलो होतो. मशीन गेलं हे तिला मीच सांगायला पाहिजे होतं. तिनं विचारलं, "मायं लेकरू मले न विचारता कोनं खलास केलं?" मी तुझं नाव सांगितलं. तिनं हातातली सुपारी कातरली. मग म्हणाली, "ते बी मायंच."

नवं मशीन तुझ्या खात्यात आहे, तेव्हा मालकाच्या रकान्यात तुझं नाव असेल. काय करायचं ते तू ठरव. मी आता हुकूम वापरणार नाही.

काका

*

हैदराबाद, २२ एप्रिल

काका,

पोच. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी पूर्ण वाचलं आणि एका ओळीत तसं कळवलं, आता सविस्तर.

मालकाच्या रकान्यात रुख्मा आहे. मीच टाकलं. आणि ऑफिसच्या साफसफाईच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की मालक ओळखीचा नसेल तर पुसू नको, थांब, माणसाला विचार. साहेब म्हणाले, यानं काम मंदावेल. मंदावलंय.

फोनच्या यादीत एक नंबर वाढलेला तुम्हाला दिसेल, दोनशे पंधरावा. तो माझा. तीन वाटांपैकी नाल्याची वाट लावून घेतली आहे. रोज चारला फोन येतो. मी पावणेचारलाच जागी असते, त्यासाठी गजर लावावा लागत नाही. घड्याळ म्हणतं, नाडी अजून पळतेच आहे.

आज चारला आला नाही. चार-दोन. चार-पाच. तुम्हाला फोन लावायला घेतला आणि ठेवला, तुम्हीही तिकडे तसेच उभे असणार. लॅपटॉप उघडून यादी मागितली, मशीन जागेवर होतं. मग का नाही? खोलीत चकरा मारत होते. मनात एकच, की आज कोणी निघू नये. मोह पडून राहू दे, सडू दे, पण आज कोणी निघू नये. साडेचारच्या आत इतक्या घरांना एकटीनं सांगणं शक्य नव्हतं. त्यांनीच ठरवलेल्या गोष्टीवर त्यांनी राहावं, एवढ्यासाठी पाचव्या मजल्यावर हात जोडून उभी होते.

चार-अकराला वाजला. लाइनवर गर्दी होती म्हणे, नंतर कळलं.

"बाई वो, आज नाल्याची वाट मोकळी हाये. पन खाली पाहून चाला."

मी अनवाणीच होते, फरशीवर. तरी खाली पाहिलं.

दुर्गा